पॅलाडिनचा स्माइट, फायटरचे डाइस आणि एक तासाची शॉर्ट रेस्ट

पुण्यात 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाची चालू मोहीम २०२४च्या नियमांवर न्यायची म्हटली, की पहिला वाद पॅलाडिन या धर्मयोद्ध्याच्या स्माइटवरून, म्हणजे वार लागल्यावर जादू खर्चून केलेल्या जादा इजेवरून पेटतो; नव्या नियमांत तो टर्नला एकदाच करता येतो. पॅलाडिन खेळणाऱ्याला आपला क्लास (पात्राचा प्रकार) मोडून टाकल्यासारखं वाटतं, तर शेजारच्या फायटरला दहा वर्षांनी न्याय मिळाल्यासारखं. या वादाची मुळं २०१४च्या एका निर्णयात आहेत. त्या वर्षी शॉर्ट रेस्ट, म्हणजे लढायांमधली छोटी विश्रांती, एक तासाची झाली.

१९७४च्या पहिल्या पुस्तकांत निव्वळ शस्त्रावर जगणारा क्लास एकच होता, फायटर. १९७५च्या पुरवण्यांतून थीफ, पॅलाडिन, मंक आले. पॅलाडिनला फायटरपेक्षा जास्त मिळायचं, पण त्याची किंमत वसूल केली जायची. १९७८च्या नियमांत त्याला करिश्मा (व्यक्तिमत्त्वाचा गुणांक) किमान १७ लागे, दहापेक्षा जास्त जादूई वस्तू बाळगता येत नसत, कमाईचा दहावा हिस्सा दान करावा लागे आणि दुसऱ्या लेव्हलसाठी फायटरपेक्षा ७५० एक्सपी (अनुभवाचे गुण) जास्त कमवावे लागत. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत सगळ्यांचा एक्सपी तक्ता एकच झाला आणि करिश्म्याची अट गेली. फायटरच्या पदरात वीस लेव्हल्समध्ये मिळून ११ जादा फीट्स (खास कौशल्यं) पडले. २००६च्या एका पूरक पुस्तकाने तीन नवे शस्त्रधारी क्लास आणले. त्यांचे डाव लढाई चालू असतानाच परत मिळत, आणि त्यांच्या शेजारी जुना फायटर फारच तोकडा दिसू लागला.

२००८च्या चौथ्या आवृत्तीने सगळ्या क्लासेसना एकच सांगाडा दिला: काही डाव कधीही वापरायचे, काही चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. शॉर्ट रेस्ट होती पाच मिनिटांची, म्हणजे प्रत्येक लढाईला फायटर ताज्या दमाने उभा राहायचा. सगळे क्लास सारखेच वाटतात, ही त्या आवृत्तीवरची तक्रार अगदीच खोटी नव्हती. तरीही माझ्या मते फायटरचा इतका विचार ना आधी कुणी केला, ना नंतर.

पाचव्या आवृत्तीच्या खुल्या चाचणीत, २०१२मध्ये, फायटरचे डाइस, म्हणजे डावांसाठी खर्चायचे फासे, दर टर्नला परत मिळत होते. २०१४च्या छापील पुस्तकात तेच डाइस बॅटल मास्टर या उपक्लासपुरते उरले आणि शॉर्ट रेस्टला बांधले गेले. ॲक्शन सर्ज, म्हणजे टर्नमधली एक जादा कृती, हाही शॉर्ट रेस्टलाच बांधला गेला. मंकचे 'की' पॉइंट्सही (त्याच्या खास डावांचं इंधन) शॉर्ट रेस्टवरच. पॅलाडिनचे स्लॉट (जादू खर्चायचे साठे) मात्र लाँग रेस्टवर, म्हणजे रात्रभराच्या विश्रांतीवर राहिले.

कागदावर हिशेब जुळतो. पाचव्या लेव्हलला बॅटल मास्टरकडे ४ डी८ (आठ बाजूंचे फासे) असतात. दिवसात दोन शॉर्ट रेस्ट धरल्या तर १२ डी८, वर तीन ॲक्शन सर्ज. पॅलाडिनकडे पहिल्या लेव्हलचे चार आणि दुसऱ्या लेव्हलचे दोन स्लॉट. सगळे स्माइटमध्ये ओतले तर १४ डी८. त्या वेळच्या मार्गदर्शनात दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी गृहीत होत्या. तेवढ्या झाल्या तर दोघं बरोबरीने चालतात.

आता याच नियमांवरचं पुण्यातलं टेबल घ्या. शनिवारी संध्याकाळी हिंजवडी, कोथरूड, वाघोलीहून माणसं जमायची, हाती तीन-चार तास, त्यात गप्पा, संवाद, तपास आणि शेवटी एक मोठी लढाई. पुढच्या सेशनला सगळे ताजेतवाने. अशा एका लढाईत फायटरला ४ डी८ आणि एक ॲक्शन सर्ज मिळतो. पॅलाडिन टर्नला दोन वार करतो. सगळे लागले तर तीन टर्नमध्ये सहाही स्लॉट, म्हणजे पूर्ण १४ डी८, एकाच शत्रूवर. रोगकडे (जुन्या थीफच्या वारसदाराकडे) साठवलेलं काही नसतंच, त्यामुळे त्याला मोठ्या दिवसाचा तोटा नाही आणि छोट्याचा फायदाही नाही. बार्बेरियनला पाचव्या लेव्हलला तीन रेज (लढाईतले संतापाचे झटके) पुरून उरतात. मार खातात ते फायटर आणि मंक, आणि तेही फक्त वेळापत्रकामुळे. पाच मिनिटांची शॉर्ट रेस्ट २०१४च्या डीएमसाठीच्या (खेळ चालवणाऱ्यासाठीच्या) पुस्तकात ऐच्छिक नियम म्हणून होती खरी, पण त्याच नियमात लाँग रेस्ट एका तासाची होत असल्याने पॅलाडिनही तितकाच ताजा व्हायचा. उलट्या टोकाचा पर्याय, आठ तासांची शॉर्ट आणि सात दिवसांची लाँग रेस्ट, प्रत्यक्षात जास्त उपयोगी होता. तो लावायला बहुतेक टेबलं कचरली, याचं मला वाईट वाटतं.

२०२४मध्ये स्माइट हा बोनस ॲक्शनने (टर्नमधल्या एकाच छोट्या जादा कृतीने) टाकायचा स्पेल, म्हणजे मंत्र झाला, म्हणजे टर्नला एकच. पॅलाडिनवाल्यांचा एक आक्षेप रास्त आहे: स्पेल झाल्यामुळे तो काउंटरस्पेलने (मंत्र तोडणाऱ्या मंत्राने) अडवता येतो, सायलेन्समध्ये (आवाज बंद करणाऱ्या मंत्रात) चालत नाही आणि बार्बेरियनशी मल्टिक्लास केलेल्याला (दोन्ही क्लास घेतलेल्याला) रेजमध्ये वापरता येत नाही. मर्यादा घालायला 'टर्नला एकदा' एवढंच पुरलं असतं. मंकला लढाई सुरू होताना सगळे पॉइंट्स परत मिळवायची सोय झाली, पण लाँग रेस्टमागे एकदाच. फायटरला पहिल्याच लेव्हलला तीन वेपन मास्टरी (शस्त्रांची खास तंत्रं) मिळतात, पॅलाडिन, रेंजर, रोग, बार्बेरियन यांना दोन. शॉर्ट रेस्ट मात्र अजून एक तासाचीच आहे, आणि बॅटल मास्टरचे डाइस व ॲक्शन सर्ज तिच्यावरच अडलेले आहेत.