चांदीने सांधलेली सायकल

गल्लीत कुठे जुनी, काळी, दांडीची सायकल उभी असेल तर तिच्या हँडलखालच्या आखूड उभ्या नळीवर बोट फिरवून पाहा. दांडी जिथे तिला येऊन मिळते तिथे बोटाला एक कंगोरा लागेल. थोडं खाली, पेडलांकडे तिरपी उतरणारी नळी जिथे मिळते, तिथेही तसाच. सदऱ्याच्या बाहीत हात शिरावा तशी प्रत्येक नळी एका आखूड पोलादी बाहीत शिरलेली असते. या बाहीला ‘लग’ म्हणतात. दुधाचे कॅन, गॅसच्या टाक्या आणि शिवाय कॅरिअरवर एखादा माणूस, असं सगळं वाहून नेणाऱ्या त्या सायकलीत नळीला नळी वेल्ड केलेली नसते. बाहीत नळी बसवायची आणि दोघींच्या मधल्या फटीत पितळ वितळवून भरायचं, अशी ती रीत.

सायकलींचे कारखाने हे काम घाऊक करत आले. पण याच रीतीने एकेक फ्रेम हाताने घडवणारे कारागीर इंग्लंड, फ्रान्स, इटली, जपान, अमेरिकेत अजून आहेत. डर्बीमधली ‘मर्सियन’ ही कार्यशाळा 1946 सालची. लांबच्या भटकंतीसाठी, म्हणजे पुढेमागे पिशव्या लादून आठवडेच्या आठवडे चालवायची सायकल हवी असेल, तर हौशी लोक अजूनही अशा कारागिराकडे जातात, मापं देतात आणि महिनोन्‌महिने वाट पाहतात.

हे कारागीर पितळाऐवजी बहुतेकदा चांदीचा मिश्रधातू वापरतात, आणि मला कोडं पडलं ते तिथेच. त्यात साधारण 56 टक्के चांदी, 22 टक्के तांबं, 17 टक्के जस्त आणि 5 टक्के कथील असतं. तो 650 अंश सेल्सिअसच्या आसपास पूर्ण वितळतो. पोलादाला वितळायला त्याच्या दुपटीहून जास्त, सुमारे 1,500 अंश लागतात. म्हणजे जोडकामात पोलाद वितळतच नाही. दोन नळ्या एकजीव होत नाहीत, मधे एक परका आणि पोलादाहून मऊ धातू राहतो. आणि तरी ही फ्रेम चाळीस-पन्नास वर्षं माणूस आणि सामान वाहते, ती कशी?

उत्तराचा पहिला भाग साध्या गुणाकाराचा आहे. पेडलांकडे उतरणारी जुन्या मापाची नळी बाहेरून 28.6 मिमी व्यासाची आणि टोकाशी 0.8 मिमी जाड असते. ती आडवी कापली तर पोलादाचं कडं दिसतं, त्याचं क्षेत्रफळ जेमतेम 70 चौरस मिमी. आता हीच नळी लगमध्ये सरासरी 25 मिमी आत गेली आहे असं धरा. नळीचा घेर 90 मिमी, म्हणजे चांदीने पकडलेला पृष्ठभाग झाला 2,250 चौरस मिमी, नळीच्या छेदाच्या तीसपटीहून जास्त! चांदीवर येणारा ताण एवढ्या जागेत वाटला जातो की तिच्या मऊपणाने काही बिघडत नाही. शिवाय तो थर अतिशय पातळ असतो आणि दोन्हीकडून पोलादाने जखडलेला असतो, त्यामुळे तो ताणला जाऊन आडवा आकसू शकत नाही. त्याच धातूची सुटी कांब जितकी मजबूत, त्याहून हा थर मजबूत ठरतो.

पण पातळ म्हणजे किती? एक दशांश मिलिमीटरच्या आगेमागे. फट याहून फार मोठी झाली तर चांदी तिथे चढत नाही, आणि अगदीच मिटली तर शिरायला जागा नाही. ही चांदी वरून ओतून भरलेली नसते. दिव्याच्या वातीत तेल चढतं त्याच केशाकर्षणाने ती फटीत स्वतः खेचली जाते. फ्रेम कशीही उलटी धरा, चांदी वरच्या दिशेनेही चढते.

शुद्ध चांदी 962 अंशांना वितळते, शुद्ध तांबं 1,085 अंशांना. मग दोघांचं मिश्रण इतक्या लवकर कसं वितळतं? 72 भाग चांदी आणि 28 भाग तांबं एकत्र केलं तर ते 779 अंशांनाच पातळ होतं. घनरूपात एका धातूच्या अणूंना दुसऱ्याच्या रचनेत नीट बसता येत नाही आणि द्रवात मात्र दोघं सुखाने मिसळतात, म्हणून मिश्रण द्रव होण्याकडे लवकर झुकतं. जस्त आणि कथील घातलं की तापमान आणखी उतरतं. आपल्या सोनारांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. दागिन्याला डाख देताना तो डाख दागिन्याच्या धातूच्या आधी वितळला पाहिजे, एवढ्या एका अटीवर त्यांचा सगळा धंदा उभा आहे.

सोनाराकडचा टाकणखारही इथे लागतो, फक्त जरा बदललेल्या रूपात. तापलेल्या पोलादावर हवेतल्या ऑक्सिजनमुळे लगेच काळी साय धरते, आणि अशा सायीवर वितळलेली चांदी अळूच्या पानावरच्या पाण्यासारखी गोळा होऊन बसते. ही साय विरघळवणारा आणि हवा अडवणारा लेप आधी लावावा लागतो. टाकणखार 743 अंशांना वितळतो. पितळाला साधारण 900 अंश लागतात, तेव्हा तिथे तो चालतो. चांदीसाठी मात्र तो उशिरा जागा होतो. म्हणून चांदीच्या लेपात फ्लोराइड क्षार असतात. त्याचा धूर छातीला वाईट, खिडक्या उघड्या हव्यात. जुन्या चांदीच्या कांड्यांत कॅडमियम असायचं, ते तर जीवघेणं.

या लेपाचा आणखी एक उपयोग मला फार आवडतो. आधी पांढरी पेस्ट असते, पाणी उडालं की ती फुगते, मग बसते आणि 600 अंशांच्या सुमारास काचेसारखी पारदर्शक होऊन वाहू लागते. म्हणजे तोच थर्मामीटर! लेप पाण्यासारखा झाला की चांदीची वेळ जवळ आली. पोलादाचा रंगही सांगतो, पण या तापमानाला तो इतका मंद लाल असतो की उन्हात दिसतच नाही. म्हणून हे काम उन्हाच्या झोतात करत नाहीत.

ज्योत पेटण्याच्या आधीचं काम मात्र कितीतरी लांब आहे, आणि ते जवळजवळ सगळं कानशीचं आहे. नळीचं टोक सरळ कापून चालत नाही. ज्या गोल नळीला ते टेकायचं तिच्या वळणाबरहुकूम माशाच्या तोंडासारखं खोलगट घासावं लागतं. त्यासाठी कागदाची युक्ती आहे. तिरप्या कोनात मिळणाऱ्या दोन नळ्यांच्या छेदाची रेघ गणिताने काढून कागदावर उलगडली की लाटेसारखी वक्र रेघ मिळते. तो कागद नळीभोवती गुंडाळायचा, रेघ मारायची, करवतीने ढोबळ कापायचं आणि अर्धगोल कानशीने घासत दोन्ही नळ्यांमधून उजेड दिसेनासा होईपर्यंत जुळवायचं. लग सगळं झाकून टाकणार असताना एवढा खटाटोप कशाला, असं वाटतं खरं. पण नळीचं टोक नळीवर सर्व बाजूंनी टेकलेलं असेल तर भार थेट पोलादातून पोलादात जातो. आत फट राहिली तर सगळा भार लगवर पडतो.

नळ्याही साध्या नसतात. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी 1897 साली टोकांना जाड आणि मधे पातळ नळीचं पेटंट घेतलं. बाहेरून व्यास एकच, जाडीचा फरक सगळा आतून. सांध्याशी ताण जास्त आणि उष्णताही तिथेच लागणार, म्हणून टोकाला 0.8 मिमी. मधे 0.5 मिमी पुरतं. 1935 साली याच कंपनीने मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची ‘531’ नळी आणली आणि पुढची अनेक दशकं चांगल्या सायकलीच्या फ्रेमवर तिचा हिरवा-सोनेरी स्टिकर मिरवला गेला. 1976 मध्ये आलेली ‘753’ आणखी पातळ आणि उष्णतेने कमावलेली होती. जास्त तापवली तर ती कमाई वाया जायची, म्हणून कंपनी ती वाटेल त्याला विकत नसे. कारागिराने आधी नमुन्याचा सांधा करून पाठवायचा, तो तपासणीत उतरला तर नळ्या मिळायच्या. कमी तापमानाच्या चांदीचं महत्त्व इथे कळतं.

आता ज्योत. लग जाड, नळी पातळ. दोन्हींवर सारखीच ज्योत धरली तर नळी भाजून निघते आणि लग थंडच राहतो. म्हणून ज्योत लगवर जास्त, नळीवर ओझरती, आणि सतत हलती. लेप पातळ झाला की चांदीची तार लगच्या काठाला टेकवायची. तार ज्योतीत नाही, पोलादाच्या उष्णतेने वितळली पाहिजे. मग खरं कसब. चांदी जास्त गरम जागेकडे धावते. म्हणून तार एका काठाला लावायची आणि ज्योत पलीकडच्या काठाकडे नेत चांदीला आतल्या आत ओढत न्यायचं. पलीकडे लगच्या किनाऱ्यावर चकचकीत बारीक रेघ उमटली की समजायचं, आतला सगळा पृष्ठभाग भिजला. आत काय झालं ते पाहायचा दुसरा सोपा मार्ग नाही. जिथे रेघ तुटलेली, तिथे शंका.

एक छोटं छिद्र विसरलं तर मात्र सगळं मुसळ केरात. दोन्ही टोकं बंद झालेल्या नळीत हवा कोंडते. निरपेक्ष तापमान 300 केल्विनवरून 900 केल्विनपर्यंत गेलं तर दाब तिप्पट होतो आणि ती हवा वितळलेल्या चांदीला सांध्यातून फुंकून बाहेर काढते. म्हणून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या बारीक नळ्यांना आधीच श्वासाचं भोक ठेवतात.

प्रसरणाचाही त्रास आहे. पोलाद दर अंशाला लांबीच्या सुमारे 12 दशलक्षांश भागाने वाढतं. 100 मिमी तुकडा 600 अंशांनी तापला की पाऊण मिलिमीटरच्या जवळपास लांबतो. सांध्याची एकच बाजू आधी तापली तर फ्रेम वाकडी होते आणि निवल्यावर पूर्ण सरळ होतेच असं नाही. म्हणून कोणता सांधा आधी, कोणती बाजू नंतर, याचा प्रत्येक कारागिराचा क्रम ठरलेला असतो, आणि त्यावर त्यांच्यात वादही भरपूर.

भटकंतीच्या फ्रेमची मापं वेगळी का, हे पिशव्या लादल्यावर कळतं. शर्यतीच्या सायकलीत पेडलांपासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतची नळी साधारण 410 मिमी असते. तेवढ्यात मागे पिशवी लटकवली तर प्रत्येक फेरीला टाच पिशवीवर आपटते. म्हणून इथे ती 440-450 मिमी किंवा त्याहून लांब. पुढे हँडलचा आस थोडा जास्त कलता ठेवतात. या आसाची रेघ जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर टेकतो त्या जागेच्या पुढे पडते; ऑफिसच्या खुर्चीच्या चाकासारखं टायर मागे फरफटतं आणि स्वतःला सरळ करतं. 345 मिमी त्रिज्येचं चाक, आसाचा जमिनीशी 72 अंशांचा कोन आणि पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा 50 मिमी पुढचा बाक धरला तर हे अंतर 60 मिमीच्या आसपास येतं. (सायकल सरळ राहण्याचं सगळं रहस्य एवढंच नाही. 2011 साली संशोधकांनी हे अंतर जवळजवळ शून्य केलेली, फिरत्या चाकांचा भोवऱ्यासारखा परिणामही काढून टाकलेली सायकल बनवली, तरी ती स्वतःचा तोल सांभाळत चालली.)

मागे वीस किलो सामान असेल तर उतारावर फ्रेम पिळली जाऊन हँडल थरथरू लागतं. त्यावर उपाय व्यासाचा. नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतो. 28.6 ऐवजी 31.8 मिमीची नळी घेतली तर व्यास वाढतो 11 टक्के आणि ताठपणा सदतीस टक्क्यांनी. महागाचं पोलाद घेऊन ताठपणा वाढत नाही, कारण पोलाद साधं असो की भारी, त्याची स्थितिस्थापकता जवळपास सारखीच. भारी पोलाद उशिरा वाकतं आणि उशिरा तुटतं, म्हणून नळी पातळ ठेवता येते, इतकंच.

‘पोलादी सायकल हाडांना मऊ लागते’ हे म्हणणं मी फारसं मनावर घेत नाही. त्रिकोणांची फ्रेम उभ्या दिशेने फार थोडी दबते. रस्त्याचे धक्के पचवतो तो रुंद टायर. दुसरी समजूत अशी की ही फ्रेम कुठल्याही खेड्यात वेल्ड करून मिळते. अर्धीच खरी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला जोड देणाऱ्या आर्क वेल्डिंगसमोर 0.5 मिमीच्या नळीला क्षणात भोक पडतं. तिला गॅसची ज्योत आणि पितळाची कांडी लागते, आणि तो माणूस शोधावा लागतो. लगची खरी सोय वेगळी आहे: वाकलेली नळी सांधा पुन्हा तापवून काढता येते आणि तिथे नवी बसवता येते. वेल्ड केलेल्या फ्रेमला हे सहज शक्य नाही. 1923 साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जग पाहायला निघाले आणि त्यातले तिघे 1928 मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. त्या काळी भरवशाची सायकल म्हणजे पोलादाचीच. वाटेत काय मोडलं तर लोहाराची भट्टी हाच आधार.

फ्रेम निवली की गरम पाण्यात भिजवून काचेसारखा लेप काढतात. राहिला तर रंगाखाली पोलाद खातो. मग लगची टोकं कानशीने पातळ केली जातात. ती नक्षी दिसते, पण त्यात हिशेब आहे: जाड लग एकदम संपला तर नळीत ताण त्या काठावर साठतो आणि वर्षांनी तिथूनच तडा जातो. टोक निमुळतं झालं की ताण हळूहळू नळीत उतरतो.

शेवटी सुतळी. मागच्या चाकाचा आस बसतो त्या एका खाचेत गाठ मारायची, सुतळी पुढे नेऊन हँडलच्या नळीभोवती फिरवायची आणि दुसऱ्या खाचेत आणून ताणून बांधायची. सीटच्या नळीपासून दोन्हीकडच्या सुतळीचं अंतर पट्टीने मोजायचं. डावीकडे जेवढं, उजवीकडे तेवढंच हवं. मिलिमीटरचा फरक आला तर कारागीर फ्रेम घट्ट धरतो, लांब दांडा लावून बेताने दाब देतो, आणि पुन्हा सुतळी ताणतो.