झोपवलेली दुर्बीण आणि काळे लघुग्रह : पार्श्वभूमी

डिसेंबरच्या मध्यावर पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर जाऊन जे मिथुन राशीतल्या उल्का बघतात, त्यांना फेथॉन या लघुग्रहाचं नाव ओळखीचं असेल. या उल्कांची धूळ त्याचीच. तो 1983 मध्ये आयरास या अवरक्त, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या, अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांतून सापडला. तिला थंड ठेवणारा द्रव हेलियम संपला आणि जेमतेम दहा महिन्यांत आयरासचं काम थांबलं. पुढे स्पिट्झर ही तशीच दुर्बीण आली. शनीभोवतीचं, त्याच्या फीबी या उपग्रहाचं अवाढव्य कडं 2009 मध्ये तिनेच दाखवलं.

वाद झाला तो वाइज या अवरक्त दुर्बिणीवरून : ती चालती असताना काम थांबवून झोपवायला हवी होती का? डिसेंबर 2009 मध्ये उडालेल्या या दुर्बिणीचा आरसा अवघा 40 सेंटिमीटरचा, आणि ती थंड राहायची गोठवलेल्या हायड्रोजनवर. 2010 चा सप्टेंबर सरता सरता तो संपला. चारपैकी दोन लांब तरंगलांबींचे पट्टे गेले, दोन आखूड उरले. त्या दोघांवर आणखी चार महिने लघुग्रह शोधून झाले आणि फेब्रुवारी 2011 मध्ये चांगली चालती दुर्बीण झोपवली.

निर्णयाच्या बाजूने बोलायचं तर आकाशाचा नकाशा पुरा झाला होता आणि पुढच्या खर्चाची तरतूद नव्हती. शिवाय आखूड पट्ट्यांत दगडाच्या स्वतःच्या उष्णतेत परावर्तित ऊन मिसळतं, त्यामुळे दूरच्या थंड लघुग्रहांचं माप ढोबळ येतं. हे खरंच. पण पृथ्वीजवळचे दगड बऱ्यापैकी तापलेले असतात, ते उरलेल्या दोनपैकी 4.6 मायक्रॉनच्या पट्ट्यात ठळक दिसतात. काळा लघुग्रह साध्या दुर्बिणीतून अंधूक, म्हणून लहान वाटतो; उष्णता मात्र त्याला लपवता येत नाही. भर दुपारी पन्हाळ्याच्या तटाच्या काळ्या दगडावर हात ठेवून बघा.

फेब्रुवारी 2013 मध्ये रशियातल्या चेल्याबिन्स्कवर साधारण 20 मीटरचा दगड फुटला. वाइज जागी असती तरी तो तिला दिसला नसता. तो सूर्याच्या बाजूने आला आणि ती सूर्याशी काटकोनात बघायची. तरीही जवळपास तीन वर्षं वाया गेली, असंच माझं मत. 2013 च्या अखेरीस निओवाइज नावाने ती पुन्हा कामाला लागली ती ऑगस्ट 2024 पर्यंत. या काळात पृथ्वीजवळच्या 3,000 हून अधिक वस्तू तिने टिपल्या, त्यातल्या 215 नव्या. तिच्याच नावाचा 2020 चा धूमकेतू ऐन जुलैत आला. तेव्हा आपल्याकडे आभाळ कधी मोकळं असतं!

आताची वेब अवकाश दुर्बीण अशा सर्वेक्षणासाठी नाही, आणि सूर्याच्या फार जवळची दिशा तिला वर्ज्य. पण 2025 मध्ये 2024 वायआर4 या लघुग्रहाच्या आकाराचा जमिनीवरच्या दुर्बिणींचा 40 ते 90 मीटर असा अंदाज होता, तो तिने सुमारे 60 वर आणला. फक्त पृथ्वीजवळचे लघुग्रह शोधण्यासाठी बांधली जाणारी, हेलियम-हायड्रोजनसारखं शीतक न लागणारी पुढची दुर्बीण 2027 च्या आधी उडणार नाही.