बाबांच्या कॅसेटमधले भीमसेन

भीमसेन जोशी कधीपासून ऐकता, असं आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या मराठी माणसाला विचारलं तर उत्तर बहुधा एकच येतं: "बाबा लावायचे." क्वचित आई, क्वचित आजोबा. जणू आवाज घरातच होता, आपण फक्त मोठे होत गेलो.

पण भीमसेन हे ख्यालगायक, किराणा घराण्याचे, मातृभाषा कन्नड. एक राग तासभर उलगडणारा हा माणूस बँकेतल्या कारकुनाच्या किंवा शाळामास्तरांच्या घरात सकाळी बंबाच्या धुराबरोबर कसा काय पोचला? या प्रश्नाचं उत्तर शोधायला घराण्यापेक्षा रेडिओ, रेकॉर्ड आणि कॅसेट यांच्याकडे बघावं लागतं.

सुरुवात त्यांच्यापासूनच करू, कारण त्यांचं वेडही असंच लागलेलं. ४ फेब्रुवारी १९२२चा जन्म, गदगचं घर, वडील शिक्षक. आई भजनं म्हणायची, ती कानावर पडायची. आणि एका दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड: झिंझोटीतली ठुमरी, 'पिया बिन नाही आवत चैन'. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारी तबकडी, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. तेवढ्यावर अकराव्या वर्षी पोरगं घर सोडून गुरूच्या शोधात निघालं, ग्वाल्हेर वगैरे करत थेट जालंधरपर्यंत गेलं, तिथून वडील परत घेऊन आले. पुढे कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला मिळालं. सवाई गंधर्व हे अब्दुल करीम खाँसाहेबांचेच शिष्य, म्हणजे रेकॉर्डमधला आवाज शेवटी गुरूच्या गळ्यातून हाती लागला. तीन मिनिटांच्या तबकडीचा महिमा सांगताना लोक हळहळतात की रागाचा केवढा संकोच झाला! झाला असेल. पण दुकानाबाहेर उभ्या राहिलेल्या पोराला तीन मिनिटंच परवडतात.

जानेवारी १९४६मध्ये गुरूंच्या साठीच्या निमित्ताने पुण्यात झालेल्या समारंभातलं त्यांचं गाणं गाजलं. त्यानंतर पुणं त्यांचं झालं. १९५२मध्ये सवाई गंधर्व गेले आणि १९५३पासून त्यांच्या नावाचा महोत्सव सुरू झाला. शेवटी गुरूंची जुनी रेकॉर्ड, भैरवीतली 'बिन देखे परे नाही चैन', लावायची आणि मग उठायचं हा तिथला रिवाज. उत्सव शिष्यांनी चालवायचा आणि शेवटचा शब्द तबकडीचा, हे मला फार आवडतं.

त्याच १९५३मध्ये आणखी दोन गोष्टी घडल्या. 'गुळाचा गणपती' हा चित्रपट आला. त्यात गदिमांचे शब्द, पु. लं.ची भीमपलासातली चाल आणि भीमसेनांचा आवाज अशी 'इंद्रायणी काठी' होती. हे गाणं इतकं मुरलं की आजही अनेकांना तो संतांचाच अभंग वाटतो. आणि २ ऑक्टोबरला पुणे आकाशवाणी केंद्र सुरू झालं.

तेव्हा दिल्लीत माहिती आणि नभोवाणी मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, मूळचे पुण्याचे. सिनेमासंगीताला आकाशवाणीवर जवळजवळ बंदी घालणारे मंत्री म्हणून त्यांची टिंगल झाली, श्रोते रेडिओ सिलोनकडे पळाले, आणि अखेर १९५७मध्ये विविध भारती काढावी लागली. ही कथा सगळ्यांना पाठ असते. तिची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. सिनेमाची गाणी वाजवायची नाहीत तर त्या जागी काही तरी हवं. म्हणून केंद्राकेंद्रांवर सुगम संगीत घडवलं जाऊ लागलं. कवी, संगीतकार, गायक यांना काम मिळालं. केसकरांचा कडवेपणा मला मान्य नाही, पण मराठी भावगीत-भक्तिगीताला या धोरणामुळे जी जागा मिळाली ती नाकारण्यात अर्थ नाही.

त्या जागेत उभे राहिलेले एक संगीतकार म्हणजे पुणे आकाशवाणीतले राम फाटक. 'सखी मंद झाल्या तारका' हे सुधीर मोघ्यांचं गीत त्यांनी आकाशवाणीच्या 'स्वरचित्र' कार्यक्रमासाठी आधी भीमसेनांकडून गाऊन घेतलं होतं. रेकॉर्ड पुढे आली ती सुधीर फडक्यांच्या आवाजात. पण फाटकांची खरी कमाई अभंगांत आहे. नामदेवांचं 'तीर्थ विठ्ठल, क्षेत्र विठ्ठल', एकनाथांचं 'माझे माहेर पंढरी', तुकोबांचं 'अणुरेणिया थोकडा'. श्रीनिवास खळ्यांनी 'राजस सुकुमार' दिलं, त्याची जात आणखी वेगळी, वळणावळणाची.

'तीर्थ विठ्ठल' नीट ऐकून बघा. राग अहिर भैरव. शब्द किती? तीर्थ, क्षेत्र, देव, देवपूजा, माता, पिता, आणि प्रत्येकासमोर तोच 'विठ्ठल'. कवितेच्या दृष्टीने ही यादी आहे. पण दर वेळी 'विठ्ठल' वेगळ्या स्वरावर उतरतो, कधी खाली ठेवलेला, कधी वर भिरकावलेला, कधी मधल्या तानेने घासून लख्ख केलेला. ज्याला रागाचं नाव माहीत नाही त्या सहा वर्षांच्या पोरालाही कळतं की शब्द तोच आहे आणि तरी तोच नाही. ख्यालात बंदिशीचा मुखडा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सुरुवातीचा तुकडा, घेऊन गवई जे करतो, तेच इथे चार-पाच मिनिटांत, पाठ असलेल्या शब्दांवर चाललंय. शिकवणीचं नाव न घेता दिलेली शिकवणी.

सत्तरच्या दशकात 'संतवाणी'चे जाहीर कार्यक्रम सुरू झाले. अभंगाला मंच मिळाला. पखवाज आणि माऊली टाकळकरांचे टाळ साथीला आले. जुने दर्दी कुरकुरले की ख्यालिया भजनात अडकला. मला ती कुरकूर पटत नाही, कारण त्याच काळात ते मारवा आणि पूरिया धनाश्री हे रागही गातच होते.

मग आली कॅसेट. ऐंशीच्या दशकात टेपरेकॉर्डर मध्यमवर्गीय घरात शिरला आणि ऐकण्याची वेळ रेडिओऐवजी घरातला कर्ता माणूस ठरवू लागला. एचएमव्हीच्या कॅसेट होत्याच, पुण्यात अलूरकरांचं दुकान होतं, आणि ज्यांना विकत घेणं जमायचं नाही ते यादी देऊन कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून घ्यायचे. आमच्याकडे अशी एक होती, साठ मिनिटांची. दुकानदाराने हिशेब चुकवल्यामुळे एका बाजूचा शेवटचा अभंग अर्ध्यावर तुटायचा. पुढे पूर्ण रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा उरलेला भाग मला उगाच लांबवल्यासारखा वाटला.

घरात यंत्र एक, स्पीकर एक, आणि बटण बाबांच्या हातात. मुलांना निवड नव्हती. आवडलं नाही तरी ऐकायचं. या सक्तीतून प्रेम कसं उगवतं याच्या जवळ जाणारा, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरल क्रमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांचा २०१३चा अभ्यास आहे. विशीतल्या मुलांना वेगवेगळ्या दशकांतली लोकप्रिय गाणी ऐकवली, तर आठवणींचा उंचवटा, म्हणजे जास्त आठवणी जाग्या होणारा टप्पा, त्यांच्या स्वतःच्या काळापाशी दिसलाच, शिवाय आईवडील तरुण असतानाच्या गाण्यांपाशीही दिसला. म्हणजे मुलं जन्मायच्या आधीचं संगीत त्यांच्या आठवणीत घर करून बसलेलं. आपल्याकडच्या कुणाही कॅसेटवाल्या घरात हे सहज पटेल.

या वाटेने आलेले सगळेच पुढे ख्यालापर्यंत जात नाहीत. काही 'इंद्रायणी काठी'पाशी सुखाने थांबतात. काहींना मात्र कुठे तरी मालकंस राग ऐकू येतो, 'अरे, हे तर अणुरेणिया' असं वाटतं, आणि तिथून माणूस शुद्ध कल्याण, तोडी, दरबारी करत सुटतो. माझं तसं झालं. बाबा अभंगांपुढे कधी सरकले नाहीत. मी विलंबित ख्याल लावला की पंधरा मिनिटं ते मान डोलावत ऐकायचे आणि मग विचारायचे, "हे सगळं छान आहे रे, पण शब्द कधी सुरू होणार?"