भोंगा बंद झाल्यावर दिवसाचं काय होतं: दिवसात किती वेगवेगळ्या प्रकारची कामं होतात आणि त्याचा मन-बुद्धीशी काय संबंध, या अभ्यासाची पार्श्वभूमी

जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल, आपल्याकडे भोंग्यावर दिवस ठरणारी आख्खी पिढी होऊन गेली, त्यामुळे मारियनथालची गोष्ट खान्देशातल्या माणसाला लगेच कळेल असं वाटतं. व्हिएन्नाजवळचं छोटं गाव, एकच कापडगिरणी, आणि १९३० च्या सुमारास ती बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड, हान्स झायझल या संशोधकांच्या टीमने लोकांना दिवसभर काय केलं ते तासातासाने लिहून द्यायला सांगितलं, तर पुरुषांकडे लिहायला फारसं काहीच नव्हतं. वेळच वेळ होता, तरी लायब्ररीतून पुस्तकं नेणं उलट कमी झालं, फी माफ करूनसुद्धा! रस्त्यावर चालायचा वेगही मोजला त्यांनी, पुरुष हळू, मध्येच थांबणारे, बायका भरभर, कारण त्यांच्यामागे घरकाम आणि पोरं होतीच ना. १९३३ ला हा अभ्यास छापून आला आणि माझ्या मते पुढच्या सगळ्याचं मूळ इथंच आहे.

मग १९७० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन. आवडीची कामं सुटली की मन उदास होतं, उदास झालं की अजून सुटतात, हे चक्र त्याने मांडलं, आणि सुखावणाऱ्या ३२० गोष्टींची यादीच केली.

दिवसातल्या कामांची विविधता मोजायला मात्र वेगळं गणित लागलं. अमेरिकेत १९९५ ला सुरू झालेल्या मिडस (मध्यम वयातल्या लोकांच्या तब्येतीचा मोठा) अभ्यासात लोकांना सलग ८ दिवस रोज संध्याकाळी फोन करून विचारायचे: नोकरी, मुलांसोबत वेळ, घरकाम, विरंगुळा, व्यायाम, स्वयंसेवा, कुणाला मदत, यातलं काय काय केलं. सुमी ली, डेव्हिड अल्मेडा वगैरे संशोधकांनी त्यावर क्लॉड शॅनन या गणितज्ञाचं १९४८ चं, गोष्टी किती प्रकारांत विखुरल्यात ते मोजणारं सूत्र लावलं. एकाच प्रकारात सगळं अडकलं तर शून्य, सातही प्रकारांत सारखं वाटलं गेलं तर सगळ्यात जास्त. म्हणजे उन्हाळ्यात गव्हाचा चीक शिजवून आपल्या गच्चीवर कुरडया घातल्या तर ते घरकाम, तीच बाई दुसऱ्या दिवशी शेजारणीकडे सोऱ्या घेऊन गेली तर ती मदत, हिशोबात प्रकार दोन. विविधता जास्त असलेल्यांचं मानसिक स्वास्थ्य बरं दिसलं, आणि ३४ ते ८४ वयाच्या ७३२ जणांमध्ये बुद्धीच्या चाचण्यांचे मार्कही जास्त.

आता तब्येत धड असते तोच चार ठिकाणी जातो हेही खरंच, गुडघे धरलेली आजी गच्ची कशी चढणार. म्हणून मला १० वर्षांनी परत केलेली मोजणी जास्त महत्त्वाची वाटते, त्यात विविधता टिकवलेले किंवा वाढवलेले लोक विविधता कमी झालेल्यांपेक्षा बुद्धीच्या चाचण्यांत पुढे होते, अर्थात आधी काय बदललं, तब्येत की दिवस, हे त्यानेही पक्कं सुटत नाही.