मादीच्या शेपटीकडचा ठसा

टोमॅटोचं झाड उपटावं आणि मुळं आल्याच्या कांडीसारखी फुगलेली दिसावीत. शेतकरी लगेच ओळखतो: निमॅटोड! हरभऱ्याच्या मुळावरची गाठ नखानं अलगद सुटते. ही सुटत नाही, कारण इथे मूळच सुजलेलं असतं. पण हा निमॅटोड, म्हणजे मुळात राहणारा सूक्ष्म सूत्रकृमी, नेमका कुठल्या जातीचा, हे नुसती गाठ पाहून कळत नाही.

बराच काळ गाठी करणाऱ्या सगळ्या सूत्रकृमींना एकच जात मानत. १९४९ मध्ये सूत्रकृमींचे अमेरिकी अभ्यासक चिटवुड यांनी त्यातल्या जाती वेगळ्या केल्या, त्या मादीच्या शेपटीकडच्या कातडीवरच्या रेषांवरून. सूक्ष्मदर्शकाखाली गाठ सुईनं हळूच फोडली, की मोत्यासारखी पांढरी, नासपतीच्या आकाराची मादी हाती येते, मिलिमीटरभरही नसते. तिचा मागचा भाग कापून लॅक्टिक आम्लात स्वच्छ करायचा आणि ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायचा. मग अंगठ्याच्या ठशासारख्या रेषा उमटतात. इन्कॉग्निटा या जातीची कमान उंच, चौकोनी वळणाची. जावानिकाच्या ठशाला दोन्ही बाजूंनी छेदणाऱ्या ठळक रेषा. हॅप्लाच्या शेपटीपाशी बारीक ठिपके.

हे वाचायला सोपं वाटतं, पण एकाच जातीचे दोन शेतांतले नमुने शेजारी ठेवले की पंचाईत होते. मला सगळ्यात नवल वाटतं ते याचं: इन्कॉग्निटाच्या मादीला प्रजननासाठी नर लागत नाही, लेकी जवळपास आईच्याच प्रतिकृती असतात, तरी त्यांचे ठसे तंतोतंत जुळत नाहीत. पीक कुठलं, मुळात गर्दी किती, यावरही अंगाचा आकार बदलतो. म्हणून एका मादीवर निकाल देऊ नये, पुष्कळ माद्या पाहाव्यात. जोडीला जेमतेम ०.४ मिलिमीटरच्या पिल्लांची लांबी, तोंडातली सुई आणि शेपूट मोजावी. ही मापं त्या मानानं स्थिर असतात.

एवढं करूनही चकवा बसतो. चीनच्या हैनान बेटावरून १९८३ मध्ये वर्णन झालेल्या एन्टेरोलोबी या सूत्रकृमीचा ठसा इन्कॉग्निटासारखाच दिसतो. तमिळनाडूतल्या पेरूबागांना त्यानं पोखरलं आहे. प्रतिकारक टोमॅटोतलं ‘एमआय’ जनुक इन्कॉग्निटाला रोखतं, याला रोखत नाही. म्हणजे ओळख चुकली, तर प्रतिकारक वाणावरचा खर्चही वाया. अशा वेळी डीएनए तपासणीच हवी.

तपासणीसाठी मुळं देताना चार-पाच झाडांची द्या, मातीसकट, ओलसर. उन्हात वाळलेल्या मुळातली मादी आक्रसते आणि तिचा ठसा वाचता येत नाही.