तेरड्याची बोंडं पिकेपर्यंत

श्रावणात साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढताना बांधावर, ओघळीच्या कडेला गुलाबी तेरडा उभा असतो. पुढे कासच्या जांभ्याच्या सड्यावर त्याची भावंडं भेटतात. त्यांतली 'इम्पेशन्स लॉई' ही जात पश्चिम घाटाबाहेर कुठेच उगवत नाही. कास २०१२ पासून जागतिक वारशात आहे. तिथलं एक बीसुद्धा खिशात घालू नये. कातळावरच्या बोटभर मातीत वाढणारं ते रोप कुंडीत रमतही नाही. अंगणात लावायचा तो आपला साधा, बांधावरचा तेरडा, 'इम्पेशन्स बाल्समिना'.

'तेरड्याचा रंग तीन दिवस' असं आपण जरा हिणवूनच म्हणतो. पण एवढ्या थोड्या दिवसांत ते फूल दोन जन्म जगतं. उमलतं तेव्हा ते नर असतं. पुंकेसर एकमेकांना चिकटून स्त्रीकेसरावर टोपीसारखे बसलेले असतात. पाकळ्यांमागच्या वाकड्या, शेपटीसारख्या नळीत मध असतो. तो प्यायला आलेल्या माशीच्या किंवा फुलपाखराच्या अंगाला या टोपीचे पराग लागतात. मग टोपी गळते, खालचा स्त्रीकेसर उघडा पडतो आणि तेच फूल मादी होतं. सकाळी झाडापाशी बसून पाहा, एकाच फांदीवर दोन्ही अवस्थांतली फुलं सापडतील. बाजारातल्या गच्च दुहेरी पाकळ्यांच्या तेरड्यात बऱ्याच पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, म्हणून मी एकेरीच लावते.

लावणं सोपं आहे. जूनचे पहिले पाऊस झाले की बी मातीवर पसरायचं आणि वर चिमूटभर माती भुरभुरायची. खोल पुरू नये. रोपं दोन-चार पानांची झाली की वीतभर अंतर ठेवून विरळ करावीत. खत बेतानं, नाहीतर नुसता पाला माजतो. पाण्याचा निचरा हवाच, पण ओलही हवी: खोड रसाळ आणि मुळं उथळ असल्यामुळे पावसानं उघडीप दिली की बागेत सगळ्यांत आधी माना टाकतो तो तेरडा. तेव्हा संध्याकाळी बुंध्याशी पाणी द्यावं. शेपटीवर शिंग असलेली जाड अळी दिसली तर मारू नका, ती एका मोठ्या पतंगाची आहे. चार पानं तिची.

खरी काळजी फुलांनंतर सुरू होते. वर्षायू झाडाला पुढच्या सालासाठी कंद नाही, खोड नाही. जे काही आहे ते बियांतच. पिकलेल्या बोंडाच्या पाच पाकळ्या आतल्या ताणानं तटतटलेल्या असतात. बोट लागलं की उकलून झटक्यात आत वळतात आणि बी दूर उडतं. 'इम्पेशन्स' म्हणजे अधीर, ते नाव यावरूनच. बी हवं असेल तर बोंड फिकट, फुगीर झाल्यावर त्यावर मलमलची पुरचुंडी बांधायची.

इथेच मला गौरींची आठवण होते. आपल्याकडे कितीतरी घरांत तेरड्याची रोपं उपटून आणून गौर बसवतात. गौरी आवाहन २०२३ साली २१ सप्टेंबरला होतं, २०२५ साली ३१ ऑगस्टला. पेरणीपासून फूल यायला साधारण दोन महिने लागतात आणि बी धरायला त्यापुढचे काही आठवडे. गौरी उशिरा आल्या तर निदान पहिली बोंडं फुटून गेलेली असतात. लवकर आल्या तर अख्खा बांध बी पडण्याआधीच रिकामा होतो आणि पुढच्या जूनमध्ये तिथे उगवायला उरतं ते फक्त जुनं, मातीत राहिलेलं बी.

म्हणून मी दोन वाफे करते. एक गौरीचा, तो मुळासकट उपटायचा. दुसऱ्याला ऑक्टोबरपर्यंत कुणी हात लावायचा नाही. त्याचं बी सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवते आणि पुडीवर साल लिहिते. मेच्या शेवटी त्यातलं निम्मं शेजारणींत वाटते, म्हणजे त्यांनाही गौरीसाठी बांधावर जावं लागत नाही.