पहिल्यांदाच बाहेरच्या खडकावर? बोल्डरिंगची जागा अशी निवडा

आमच्याकडून क्रॅश पॅड (पडल्यावर लागू नये म्हणून खाली टाकायची जाड गादी) भाड्याने नेणारे बरेचजण क्लाइंबिंग जिमच्या भिंतीवर तयार झालेले असतात आणि पहिल्यांदाच बाहेर पडत असतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "सोपे प्रॉब्लेम, म्हणजे चढायचे मार्ग, कुठे मिळतील?" आमचं म्हणणं असं, की आधी पडायला चांगली जागा कुठे आहे आणि माथ्यावरून उतरायला वाट कुठे आहे, ते विचारा. बोल्डरिंग म्हणजे बुटक्या धोंड्यांवर दोराशिवाय चढणं, त्यामुळे प्रत्येक वेळी पडणं थेट जमिनीपर्यंतचं. उतारावरच्या दगडगोट्यांत उभा असलेला व्ही-झिरो (अवघडपणाच्या व्ही-श्रेणीत अगदी खालचा) नवख्यांसाठी सोपा नव्हे. त्यापेक्षा सपाट मातीवरचा, थोडा अवघड व्ही-टू घ्या. जमला नाही तरी संध्याकाळी धडधाकट घरी याल.

आधी जमीन बघा

सह्याद्रीत कड्याच्या पायथ्याशी मोठमोठे धोंडे पडलेले दिसतात आणि मोह होतो. पण ते वरून सुटून आलेले असतात. खाली घसारा, दोन दगडांमध्ये पाय अडकेल अशा फटी, आणि डोक्यावर तोच कडा. पहिल्या काही वेळांना ही जागा नकोच. पठारावरचे किंवा टेकडीच्या सोंडेवरचे, जमिनीत निम्मे रुतलेले जुने धोंडे शोधा. ओढ्याच्या पात्रातले धोंडे दिसायला देखणे असतात, पण पाण्याने गुळगुळीत झालेले असतात आणि खाली क्वचितच सपाटी मिळते.

आमचा नेहमीचा पॅड साधारण १ मीटर बाय १.३ मीटर, जाडी १० सेंटीमीटर. खाली टोकदार दगड असेल तर तो यातूनही लागतो. दोन पॅड शेजारी टाकले की मधल्या फटीत घोटा मुरगळतो, म्हणून कडा एकमेकींवर चढवा किंवा फट तिसऱ्या, पातळ पॅडने झाका. माथा तीन मीटरच्या आत असलेलाच धोंडा निवडा. आणि चढण्याआधी मागच्या बाजूने चालत वर जाऊन या. वर सुकं गवत, माती, सुटे दगड किंवा शेवाळ असेल तर तुमचा शेवटचा हात नेमका त्यावरच पडणार आहे. मागून चालत वर जाता येत नसेल, तर उतरताही येणार नाही. तो धोंडा सोडून द्या.

खडक हाताने तपासा

आपल्याकडचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, थरांवर थर साचून झालेला. हे थर एकसारखे नसतात. विहिरी खणणारी माणसं त्यांना वेगवेगळ्या नावांनी ओळखतात, आणि आपल्यालाही तेच वर्गीकरण उपयोगी पडतं. काळा पाषाण बारीक कणांचा आणि टणक. त्याच्या धारदार कडा पकडायला उत्तम. मांजऱ्या म्हणजे वायूच्या बुडबुड्यांची भोकं असलेला, त्यात पांढरे खडे भरलेला खडक. त्याची भोकं बोट घालायला छान वाटतात, पण कडा अचानक तुटतात. आणि जो दगड कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्याने सुटतोय, तो आत टणक असला तरी बाहेरची पकड तुमच्या हातात येईल.

पकडीवर मुठीने ठोकून बघा. भरीव दगडाचा आवाज बसका आणि छोटा येतो, हाताला काहीच हलल्याचं जाणवत नाही. मागे पोकळी असेल तर बद्द आवाज येतो आणि बारीक थरथर लागते. शंका आली की ती पकड वापरायची नाही, आणि खाली उभ्या असलेल्या स्पॉटरलाही सांगायचं. स्पॉटरचं काम तुम्हाला झेलण्याचं नाही. डोकं आणि मान सांभाळून तुम्हाला पॅडवर वळवण्याचं आहे. पडताना हात मागे टेकू नका, मनगट जातं. दोन्ही पायांवर या, गुडघे वाकवा, पाठीवर लोळा.

पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, शेवाळामुळे बाहेरचं बोल्डरिंग आम्ही सुचवत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. काळा दगड उन्हात तापतो, म्हणून सकाळी पश्चिमेकडच्या आणि दुपारनंतर पूर्वेकडच्या बाजूवर चढा, सावली मिळते.

कुठे हात लावायचा नाही

शेंदूर लावलेला दगड, मग तो कितीही लहान असो, कुणाचा तरी म्हसोबा किंवा वेताळ असतो. त्याच्या शेजारच्या धोंड्याचंही आधी गावात विचारा. देवराई, किल्ल्यांची बांधकामं, लेणी पूर्ण वर्ज्य. जागा वनखात्याची असेल तर परवानगी घ्या, खाजगी असेल तर मालकाला भेटा. एका उद्धट ग्रुपमुळे जागा सगळ्यांसाठी बंद होते, म्हणून आम्ही हे पुन्हा पुन्हा सांगतो.

आजूबाजूच्या कड्यावर आग्यामोहोळ दिसलं तर आवाज न करता मागे फिरा. शेकोटी नको, अत्तर नको. कपारीत हात घालण्याआधी आत टॉर्च मारा. फुरसं दगडांखाली आणि कपारींतच बसतं. जवळचं सरकारी रुग्णालय कुठे आहे आणि फोनला रेंज कुठे मिळते, हे पोचल्या पोचल्या बघून ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

मग जायचं कुठे?

मुंबईकरांना मुंब्र्याचे आणि बेलापूरचे खडक जवळ. तिथे पहिल्यांदा जाताना जागा ओळखणारा कुणीतरी सोबत हवाच.

लांब जायची तयारी असेल तर आमची पहिली पसंती हंपी. तिथले ग्रॅनाइटचे धोंडे बव्हंशी जागच्या जागी झिजून सुटे झालेले आहेत. बुटके स्लॅब, म्हणजे मागे कललेले सपाट खडक, भरपूर, आणि त्यांवर हातांपेक्षा पायांचं काम जास्त. नवख्याने शिकायची नेमकी हीच गोष्ट. तुंगभद्रेच्या उत्तरेला, आनेगुंदी-सणापूरच्या बाजूला चढा. हंपी १९८६ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. देवळांजवळचे दगड फक्त बघायचे. ग्रॅनाइटचे खडे बोटांची सालं काढतात, तेव्हा चिकटपट्टी घ्या आणि दुसऱ्या दिवशी अर्धाच वेळ चढा.

बदामीचा वालुकाश्म सुंदर, पण तिथलं चढणं मुख्यतः दोराचं, शिवाय ओला वालुकाश्म कमकुवत होतो. मनालीजवळचं सेथन २,५०० मीटरच्या वर आहे. ते हंपीनंतर ठेवा.

चार जणांना किमान तीन पॅड लागतात. बुकिंग करताना जागा कोणती ते सांगा, म्हणजे जाड पॅड द्यायचे की पातळ, ते आम्ही ठरवू. सोबत नायलॉनचा ब्रश देतो: निघताना पकडींवरचा चॉक (हाताला लावायची पांढरी पूड) आणि आपण केलेल्या खुणा पुसून या, तारेचा ब्रश मात्र वापरू नका. पॅड ओला झाला असेल तर गुंडाळून न ठेवता तसाच उघडा आणून द्या.